मिझोराम: बंडखोर मुख्यमंत्री कसा झाला?

डिसेंबर २०२३मध्ये मिझोरामचा मुख्यमंत्री बदलला. गेले ते झोरामथंगा. तरुणपणी भारतीय लष्कराशी लढायला जंगलात गेलेले, बंडखोरांच्या सर्वोच्च नेत्याचे अनेक वर्षं सचिव राहिलेले. आले ते लालदुहोमा. माजी आयपीएस अधिकारी, इंदिरा गांधींच्या सुरक्षेत काम केलेले. निवडणूक झाली, मतमोजणी झाली, एकानं दुसऱ्याला हरवलं आणि शपथविधी उरकला. मतमोजणीच्या आदल्या दिवशी लागलेले मध्य प्रदेश-राजस्थानचे निकाल चघळण्यातून आपल्या वाहिन्यांना सवड नव्हती, त्यामुळे ऐझॉलची बातमी खालच्या पट्टीत सरकून गेली.

‘ईशान्येत कायम काहीतरी धुमसत असतं’ असं म्हणून आपण नागालँड, मणिपूर, आसाम, मिझोराम सगळं एकाच गाठोड्यात बांधतो. त्या गाठोड्यातून मिझोराम वेगळं काढून बघण्यासारखं आहे. इथं फुटीरतावादी सशस्त्र बंड उभं राहिलं. ते मोडण्यासाठी सरकारनं विमानांपासून सक्तीच्या स्थलांतरापर्यंत जवळपास सगळे उपाय वापरले. आणि वीस वर्षांनी ते बंड खरोखर संपलं. असं बंड कशावर पोसतं, बळाचा वापर कुठवर पुरतो आणि शेवटी बंदूक खाली ठेवायला माणसं का तयार होतात, हे या एका उदाहरणात सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहता येतं.

बांबूला फुलं आली तेव्हा

आजचं मिझोराम तेव्हा आसामचा एक जिल्हा होता. १९६१च्या जनगणनेत लोकसंख्या सुमारे २ लाख ६६ हजार, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या तालुक्याएवढी. पण हा जिल्हा २१ हजार चौरस किलोमीटरच्या उभ्या डोंगररांगांवर पसरलेला. पश्चिमेला पूर्व पाकिस्तान, पूर्वेला ब्रह्मदेश, आणि बाकीच्या भारताशी जोडणारा धड रस्ता एकच, सिलचरकडे उतरणारा. ब्रिटिशांनी ‘इनर लाइन’ आखून बाहेरच्यांना परवान्याशिवाय येऊ दिलं नव्हतं. १८९४मध्ये मिशनरी आले, त्यांनी मिझो भाषेला रोमन लिपी दिली, शाळा काढल्या. स्वातंत्र्याच्या वेळेपर्यंत इथं एक छोटा, साक्षर, ख्रिस्ती समाज तयार झाला होता. मैदानी मुलखाशी त्याचा संबंध बेताचाच.

तरीही १९४७मध्ये इथं बंड झालं नाही. तेव्हाचा सर्वांत मोठा पक्ष मिझो युनियन भारतात राहण्याच्या बाजूनं होता. त्याचं भांडण दिल्लीशी नव्हतं, गावोगावच्या वंशपरंपरागत सरदारांशी होतं, आणि ते त्यानं जिंकलंही. १९५४मध्ये सरदारांचे हक्क संपले. हे मुद्दाम सांगतो, कारण ‘ते लोक मुळातच वेगळे, कधीच आपले नव्हते’ असं बोलून विषय संपवायची आपल्याला सवय आहे. मिझो माणूस १९४७ ते १९५७ या काळात फुटीरतावादी नव्हता. तो पुढच्या आठ-नऊ वर्षांत झाला.

त्या डोंगरांमध्ये माउताक नावाचा बांबू दाट वाढतो. साधारण ४८ वर्षांनी एकदा सगळ्या बांबूला एकदम फुलं येतात, फळं धरतात आणि बेटंच्या बेटं वाळून जातात. फळांचा सडा पडला की उंदरांची चंगळ होते आणि त्यांची पैदास अफाट वाढते. फळं संपली की हीच फौज रातोरात भाताच्या खाचरांवर आणि कोठारांवर तुटून पडते. संध्याकाळी उभं असलेलं पीक सकाळी नसतं. मिझो या दुष्काळाला ‘माउताम’ म्हणतात. १९११-१२मध्ये तो येऊन गेला होता, त्यामुळे म्हाताऱ्यांना तारीख पाठ होती. १९५८मध्ये डिस्ट्रिक्ट कौन्सिलनं ठराव करून आसाम सरकारला कळवलं, की पुढच्या वर्षी दुष्काळ पडणार, तयारीसाठी १५ लाख रुपये द्या. शिलाँग ही तेव्हा आसामची राजधानी. तिथल्या सचिवालयात हे आदिवासींचं अंधश्रद्धेचं बोलणं ठरलं. बांबू आणि उंदीर यांचा दुष्काळाशी काय संबंध!

१९५९मध्ये सगळं म्हाताऱ्यांनी सांगितलं तसंच झालं. सरकारी धान्य निघालं, पण उशिरा आणि अपुरं. रस्तेच नव्हते तर ते गावात पोचणार कसं? तेव्हा तरुणांनी पाठीवर तांदूळ घेऊन डोंगर चढायला सुरुवात केली. त्यांच्या संघटनेचं नाव मिझो नॅशनल फॅमिन फ्रंट. पुढारी लालडेंगा, लष्करात हवालदार राहिलेला, नंतर डिस्ट्रिक्ट कौन्सिलमध्ये हिशेबाचं काम करणारा, बोलण्यात तरबेज माणूस. पोतं घेऊन गावोगाव जाणाऱ्या पोरांना प्रत्येक गावात कोण मानाचा, कोण भरवशाचा, कुठली वाट कुठे निघते हे सगळं कळत गेलं. २२ ऑक्टोबर १९६१ला संघटनेच्या नावातला ‘फॅमिन’ शब्द गळाला आणि मिझो नॅशनल फ्रंट, म्हणजे एमएनएफ, हा राजकीय पक्ष झाला. उद्दिष्ट: स्वतंत्र मिझोराम. मदतकार्याचं जाळं तयारच होतं, त्यावरून आता तांदळाऐवजी दुसरं काही जाऊ लागलं.

याच सुमारास, १९६०मध्ये, आसाम विधानसभेनं असमिया ही राज्याची राजभाषा केली. डोंगराळ जिल्ह्यांमधल्या लोकांना तो सरळ अपमान वाटला. आणि सीमेपलीकडे पाकिस्तान बसलेलाच होता. लालडेंगाचे लोक पूर्व पाकिस्तानात जाऊन शस्त्रं आणि प्रशिक्षण घेऊन येऊ लागले. इथं क्रम लक्षात घ्यायला हवा. ‘परकीय हात’ होता, यात वाद नाही. पण तो हात नंतर आला. आधी शिलाँगचं हसणं आलं, मग उंदीर आले.

मार्च १९६६

२८ फेब्रुवारी १९६६च्या रात्री एमएनएफनं ‘ऑपरेशन जेरिको’ सुरू केलं. बायबलमध्ये ज्या शहराच्या भिंती कर्ण्यांच्या आवाजानं कोसळतात, त्याचं नाव. ऐझॉल, लुंगलेई, चंफाई आणि इतर ठाण्यांवर एकाच वेळी हल्ले झाले. ऐझॉलचा सरकारी खजिना लुटला गेला, टेलिफोन बंद पडले. १ मार्चला स्वातंत्र्याची घोषणा झाली. चंफाई आणि लुंगलेईची ठाणी पडली. ऐझॉलमध्ये आसाम रायफल्सचा तळ वेढला गेला, पण तग धरून राहिला.

दिल्लीत इंदिरा गांधी पंतप्रधान होऊन दीड महिनाही झाला नव्हता. संरक्षणमंत्री होते यशवंतराव चव्हाण. सिलचरकडून लष्कराची ब्रिगेड निघाली, पण एकच रस्ता, तोही ठिकठिकाणी अडवलेला. हेलिकॉप्टरनं कुमक उतरवायचा प्रयत्न खालच्या गोळीबारामुळे फसला. मग विमानं आली. ५ मार्चला तूफानी आणि हंटर जातीच्या लढाऊ विमानांनी ऐझॉलवर गोळ्या आणि बॉम्ब टाकले. दॉरपुई, छिंगा वेंग, रिपब्लिक वेंग या वस्त्या जळाल्या. लोक जीव मुठीत धरून आजूबाजूच्या रानात पळाले होते म्हणून मृतांचा आकडा त्या मानानं कमी राहिला. पुढचे काही दिवस इतर गावांवरही विमानं फिरली.

भारतीय हवाई दलानं भारताच्याच भूमीवर, भारताच्याच नागरिकांच्या वस्तीवर बॉम्ब टाकल्याचं हे एकमेव उदाहरण. सरकारनं तेव्हा सांगितलं, की विमानं माणसं आणि सामान टाकायला पाठवली होती. आसाम विधानसभेतल्या दोन डोंगरी आमदारांनी, स्टॅन्ली निकोल्स-रॉय आणि हूवर हिन्युइटा यांनी, तिथं जाऊन आल्यावर सभागृहात विचारलं, की तांदूळ टाकल्यावर घरं जळतात का? मिझोराममध्ये ५ मार्च आजही ‘झोराम नी’ म्हणून पाळला जातो. बाकी देशात याची मोठी चर्चा झाली ती ऑगस्ट २०२३मध्ये, पंतप्रधान मोदींनी अविश्वास ठरावाच्या उत्तरात उल्लेख केल्यावर. तीही लगेच ‘बॉम्ब टाकणारे वैमानिक कोण होते’ याकडे वळली. राजेश पायलट यांचं नाव फिरवलं गेलं, मग त्यांच्या मुलानं वडिलांचं हवाई दलातलं नियुक्तिपत्र दाखवलं: तारीख २९ ऑक्टोबर १९६६. एवढ्या वर्षांनी विषय निघाला आणि दोन दिवसांत तिथंच विरला.

लष्करी हिशेबानं कारवाई यशस्वी झाली. मार्च संपेपर्यंत मुख्य ठाणी परत हातात आली, बंडखोर रानात आणि सीमेपार गेले. राजकीय हिशेब निराळा. १ मार्चला एमएनएफच्या मागे किती मिझो होते यावर वाद घालता येईल. बरेच लोक मिझो युनियनचे होते, त्यांना हे साहस पसंत नव्हतं. ५ मार्चनंतर त्यांना भारताच्या बाजूनं बोलणं अवघड झालं.

गावं रस्त्यावर आणली

गनिमी लढाईत सैन्याला शत्रू दिसतच नाही. बंडखोराला लागतं काय? पोटाला भात, झोपायला छप्पर आणि पलटण कुठून निघाली याची खबर. हे तिन्ही त्याला गावातून मिळतं, कधी मनापासून, कधी दहशतीनं. तेव्हा बंडखोराला पकडण्यापेक्षा गावच त्याच्यापासून तोडावं, असा विचार जगभरच्या लष्करांनी केला. ब्रिटिशांनी मलायात हे केलं होतं, अमेरिका व्हिएतनाममध्ये करत होती. सॅम माणेकशा तेव्हा आपल्या पूर्व विभागाचे प्रमुख होते. जानेवारी १९६७पासून मिझो डोंगरांत हाच प्रयोग सुरू झाला. तोवर यशवंतराव गृहमंत्री झाले होते, म्हणजे लढाऊ विमानं आणि ही योजना या दोन्ही टप्प्यांवर आपला माणूस संबंधित खात्याच्या खुर्चीत होता. यशवंतरावांबद्दल आपल्याकडे बोलताना चीन युद्धानंतरचं संरक्षण खातं आणि १९६५चं युद्ध येतं. मिझो डोंगर सहसा येत नाहीत.

योजनेचं सरकारी नाव ‘प्रोटेक्टेड अँड प्रोग्रेसिव्ह व्हिलेज’, संरक्षित आणि प्रगतिशील गाव. प्रत्यक्षात काय झालं ते आपल्या मुलखात आणून बघा. जावळीच्या खोऱ्यातल्या, कोयनेच्या काठावरच्या सगळ्या वाड्यावस्त्यांना एके दिवशी सांगायचं, की उचला काय उचलता येईल ते, आणि महाबळेश्वरच्या सडकेला लागून कुंपणाच्या आत राहायला चला. मागे घर राहणार नाही, कणगीतलं भातही राहणार नाही, कारण ते बंडखोरांच्या हाती पडेल.

दक्षिण मिझोराममधलं दारझो हे त्यातलं एक गाव. तिथं कारवाईवर गेलेल्या लष्करी अधिकाऱ्याची हकिगत विजेंद्र सिंह जाफा यांनी नोंदवून ठेवली आहे. जाफा स्वतः मिझोराममध्ये काम केलेले सनदी अधिकारी. दारझो चांगलं खातंपितं गाव होतं. हुकूम असा, की लोकांनी हलवता येईल तेवढं सामान घ्यावं, स्वतःच्या गावाला स्वतः आग लावावी आणि ह्नाहथियालच्या केंद्रात जावं. कोण लावणार आपल्या घराला आग? शेवटी जवानांनीच ती लावली. त्यानंतरचा भाग आणखी बोलका आहे. अधिकाऱ्यानं गावच्या अध्यक्षाला आणि वडीलधाऱ्यांना बोलावून दोन कागद पुढे केले. एकावर लिहिलेलं, की बंडखोरांच्या जाचाला कंटाळून आम्ही आपण होऊन स्थलांतर मागितलं. दुसऱ्यावर, की आमचं गाव आम्हीच जाळलं, कुणी बळजबरी केली नाही. त्यांनी सही द्यायला नकार दिला. मग एकेकाला आत बोलावलं गेलं. टेबलावर भरलेलं पिस्तूल, कोपऱ्यात स्टेनगन घेतलेले दोन जवान. सह्या झाल्या. फायलीत ते स्थलांतर आजही स्वेच्छेचंच असेल.

१९७०पर्यंत ७६४पैकी ५००हून अधिक गावं अशी उठवली गेली आणि शंभराहून जास्त केंद्रांत कोंबली गेली. लोकसंख्येच्या साधारण ८० टक्के माणसं. केंद्राभोवती कुंपण, दारावर पहारा, गळ्यात ओळखपत्र, हजेरी, संध्याकाळनंतर संचारबंदी. मिझो शेती फिरती. दरवर्षी डोंगराचा नवा तुकडा जाळून पेरायचा. आता सकाळी परवाना घेऊन निघायचं आणि अंधाराआधी परतायचं, तर केंद्राजवळचेच उतार पुन्हा पुन्हा पेरले गेले. ते पिकायचे थांबले. जो समाज स्वतःचा तांदूळ स्वतः पिकवत होता, तो रेशनच्या रांगेत उभा राहिला.

योजना फसली असं म्हणता येणार नाही. रस्ता सुरक्षित झाला, बंडखोरांची रसद तुटली. पण कुंपणातल्या लोकांचं मन वळलं नाही. निदान ते वळवण्याचा हा मार्ग नव्हता. बंड आणखी जवळजवळ दोन दशकं चाललं. आणि एक परिणाम कुणीच योजला नव्हता. परत जायची मुभा मिळाल्यावरही बरीच माणसं रस्त्याकाठीच राहिली, केंद्रांची छोटी गावं-शहरं झाली. २०११च्या जनगणनेत मिझोरामची निम्म्याहून अधिक लोकसंख्या शहरी निघाली. त्याला इतरही कारणं आहेत, पण एक मूळ इथं आहे.

दुसऱ्या बाजूनंही हात स्वच्छ नव्हते. खबरी असल्याच्या संशयावरून एमएनएफनं आपल्याच लोकांना मारलं, गावांकडून सक्तीनं पैसे आणि धान्य गोळा केलं. जानेवारी १९७५मध्ये ऐझॉलच्या पोलीस मुख्यालयात शिरून तीन वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यांना गोळ्या घातल्या. सामान्य मिझो माणूस दोन बंदुकांच्या मधे सापडला होता. दिवसा एकाला उत्तर द्यायचं, रात्री दुसऱ्याला.

कायदा कुठला लागू होता?

‘अफ्स्पा’ हे नाव बातम्यांत वारंवार येतं, म्हणून थोडक्यात सांगतो. सशस्त्र दल विशेषाधिकार कायदा १९५८मध्ये नागा बंडासाठी केला गेला. त्याचा साचा ब्रिटिशांनी १९४२च्या आंदोलनाविरुद्ध काढलेल्या वटहुकमाचा. एखादा भाग ‘अशांत’ जाहीर झाला, की तिथं लष्कराला काही जादा अधिकार मिळतात. जमावबंदी मोडणाऱ्यावर किंवा शस्त्र बाळगणाऱ्यावर इशारा देऊन गोळी झाडता येते, ती प्राणघातक ठरली तरी. वॉरंटशिवाय अटक आणि झडती करता येते. पकडलेल्याला लवकरात लवकर पोलिसांकडे द्यायचं बंधन आहे. खरी मेख आहे ती सहाव्या कलमात: या अधिकारांखाली केलेल्या कृतीबद्दल केंद्राच्या परवानगीशिवाय खटला भरता येत नाही.

लष्कराची बाजूही समजून घ्यायला हवी. पोलिसांची यंत्रणा कोलमडल्यावरच जवानाला बोलावलं जातं. सीमेवर लढायला तयार केलेल्या माणसाला शेतकरी आणि बंडखोर एकाच कपड्यांत दिसतात. कायद्याचं कवच नसेल तर प्रत्येक गोळीमागे न्यायालयाची फेरी लागेल, हे त्याचं म्हणणं. सर्वोच्च न्यायालयानं १९९७मध्ये कायदा वैध ठरवला, पण सोबत काय करावं आणि काय करू नये याची यादी बंधनकारक केली. २०१६मध्ये मणिपूरच्या प्रकरणात हेही सांगितलं, की अशांत भाग झाला म्हणून कुणाला सरसकट अभय मिळत नाही. न्यायमूर्ती जीवन रेड्डी समितीनं तर २००५मध्ये हा कायदा रद्दच करावा असं सुचवलं. तो आहे तिथंच आहे. मात्र मिझोराममध्ये आज तो लागू नाही.

बोलणी, फिसकटणं, पुन्हा बोलणी

१९७१मध्ये बांगलादेश झाला आणि एमएनएफच्या पायाखालची जमीन शब्दशः गेली. चितगावच्या डोंगरातले तळ उठले, लालडेंगा ब्रह्मदेशातल्या अराकानमार्गे पाकिस्तानात पोचला. १९७२मध्ये मिझोराम आसामपासून वेगळं होऊन केंद्रशासित प्रदेश झालं, म्हणजे भांडणातली शिलाँगची बाजूही गळाली. पाकिस्तानात लालडेंगाच्या लक्षात आलं असावं, की आपण आता पाहुणे कमी आणि ओझं जास्त आहोत. १९७०च्या दशकाच्या मध्यात तो युरोपात निसटला आणि जिनिव्हात भारतीय गुप्तचरांशी बोलू लागला.

१९७६मध्ये पहिला करार झाला. मिझोराम भारताचा भाग आहे हे लालडेंगानं मान्य केलं. रानातल्या त्याच्याच माणसांना ते पटलं नाही, करार कागदावर राहिला. १९७९मध्ये एमएनएफनं बाहेरच्यांना ‘मिझोराम सोडा’ची नोटीस दिली, संघटनेवर पुन्हा बंदी आली, लालडेंगाला अटक झाली. १९८०मध्ये सुटका, पुन्हा बोलणी. यावेळी अडलं खुर्चीवर. लालडेंगाला हंगामी मुख्यमंत्री व्हायचं होतं, आणि ऐझॉलमध्ये निवडून आलेले मुख्यमंत्री होते ब्रिगेडियर थेनफुंगा सायलो. हा गृहस्थ स्वतंत्र लेखाचा विषय आहे: भारतीय लष्करातला निवृत्त अधिकारी, ज्यानं १९७४मध्ये मानवाधिकार समिती काढून लष्कराच्या अत्याचारांच्या नोंदी गोळा केल्या आणि त्या दिल्लीपुढे ठेवल्या. त्यांनी जागा सोडायला नकार दिला. लोकांनी निवडून दिलंय, बंदूकवाल्यासाठी का उठू? तत्त्व म्हणून हे अगदी बरोबर होतं. १९८२मध्ये बोलणी मोडली, लालडेंगा लंडनला गेला.

या सगळ्या वर्षांत चर्च दोन्हीकडे निरोप नेत होतं. उत्तरेत प्रेस्बिटेरियन, दक्षिणेत बाप्टिस्ट. गावागावात शाखा असलेली, बंडखोरांच्या घरच्यांनाही आपली वाटणारी दुसरी संस्थाच नव्हती. १९८४ची निवडणूक काँग्रेसच्या लाल थनहावला यांनी जिंकली, ती हे सांगून, की शांतता होत असेल तर मी खुर्ची सोडतो. लालडेंगा दिल्लीला आला. इंदिरा गांधींबरोबर भेट ठरली, तारीख ३१ ऑक्टोबर १९८४. त्याच सकाळी त्यांची हत्या झाली.

राजीव गांधींनी धागा पुन्हा उचलला. सरकारच्या वतीनं शेवटच्या टप्प्यात होते केंद्रीय गृहसचिव राम प्रधान. महाराष्ट्राचे माजी मुख्य सचिव, आणि त्याआधी यशवंतराव चव्हाणांचे खासगी सचिव म्हणून दिल्लीत काम केलेले. (२६/११नंतर मुंबई पोलिसांच्या कामगिरीची चौकशी करणारी समिती यांचीच.) ३० जून १९८६ला करारावर सह्या झाल्या: लालडेंगा, राम प्रधान आणि मिझोरामचे मुख्य सचिव लालखामा. प्रधानांच्या नोकरीचा तो शेवटचा दिवस होता.

एमएनएफनं स्वतंत्र देशाची मागणी आणि शस्त्रं सोडली. त्रिपुरा-मणिपूरच्या बंडखोरांना मदत न करण्याचं कबूल केलं. बदल्यात मिझोरामला पूर्ण राज्याचा दर्जा मिळाला, जो २० फेब्रुवारी १९८७ला प्रत्यक्षात आला. राज्यघटनेत ३७१-जी हे कलम घातलं गेलं. मिझो धर्म, रूढी, परंपरागत न्याय आणि जमिनीची मालकी यांबाबत संसदेनं केलेला कायदा मिझोरामच्या विधानसभेनं मान्य केल्याशिवाय तिथं लागू होत नाही. इनर लाइन राहिली. शेजारच्या राज्यांतले मिझो भाग जोडून मोठं मिझोराम करण्याची मागणी मात्र मान्य झाली नाही.

ऑगस्ट १९८६मध्ये लाल थनहावलांनी शब्द पाळला. त्यांनी राजीनामा दिला, लालडेंगा मुख्यमंत्री झाला आणि थनहावला त्याच्या हाताखाली उपमुख्यमंत्री. माझ्या मते मिझोरामच्या शांततेचं श्रेय वाटायचं तर पहिला मोठा वाटा या माणसाचा. सायलो तत्त्वानं बरोबर होते. थनहावलांनी तत्त्व थोडं वाकवलं, आणि बंड संपलं. लालडेंगाची सत्ता जेमतेम दोन वर्षं टिकली. आमदार फुटले, १९८८मध्ये राष्ट्रपती राजवट आली, पुढची निवडणूक तो हरला. हरल्यावर तो रानात परत गेला नाही.

नागालँडमध्ये हेच का जमलं नाही?

नागालँडला राज्याचा दर्जा मिझोरामच्या २४ वर्षं आधी, १९६३मध्ये मिळाला. १९७५मध्ये शिलाँग करारही झाला. पण त्यावर सह्या करणाऱ्यांत चळवळीचा नेता फिझो नव्हता. तो लंडनमध्ये होता आणि त्यानं करार ना स्वीकारला ना झिडकारला. बाहेर राहिलेल्यांनी तो विश्वासघात मानला आणि १९८०मध्ये एनएससीएन ही नवी सशस्त्र संघटना काढली. ती १९८८मध्ये फुटली, नंतर आणखी फुटली. सगळ्यांत मोठ्या गटाशी १९९७पासून युद्धबंदी आहे, ३ ऑगस्ट २०१५ला ‘फ्रेमवर्क’ करार झाला, आणि अंतिम करार अजून व्हायचाच आहे.

फरक सरळ आहे. मिझोराममध्ये एक संघटना होती, एक नेता होता, आणि त्याची सही रानातल्या शेवटच्या माणसानं मानली. नागांमध्ये जमाती अनेक, गट अनेक, आणि प्रत्येक नव्या सहीबरोबर न विचारलेल्यांचा एक नवा गट. बंडखोरांत फूट पाडणं सुरक्षा यंत्रणांना सोयीचं वाटतं, आणि चकमकीपुरतं ते सोयीचं असतंही. बोलणीच्या टेबलावर मात्र समोर माणूसच उरत नाही.

त्या अर्धवट शांततेत काय होतं ते ४ डिसेंबर २०२१ला नागालँडमधल्या ओटिंग गावाजवळ दिसलं. कोळशाच्या खाणीतून घरी निघालेल्या मजुरांच्या गाडीवर लष्कराच्या विशेष पथकानं बंडखोर समजून गोळ्या झाडल्या, सहा जण मेले. संतापलेल्या गावकऱ्यांशी झालेल्या झटापटींत आणखी माणसं गेली. एकूण १४ नागरिक आणि एक जवान. नागालँड पोलिसांनी ३० जवानांवर आरोपपत्र ठेवलं. केंद्रानं परवानगी नाकारली. सप्टेंबर २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कारवाई थांबवली, कारण सहावं कलम.

मिझोराममध्ये जे उरलं

मिझोरामची शांतता सगळ्यांच्या वाट्याला सारखी आली नाही. करार मिझोंशी झाला. राज्यातल्या हमार लोकांनी स्वतःचं बंड केलं, त्यांच्याशी १९९४मध्ये वेगळा करार करावा लागला. ब्रू समाजाला १९९७मध्ये हिंसाचारामुळे त्रिपुरात पळावं लागलं. ३० हजारांहून अधिक माणसं दोन दशकं छावण्यांत राहिली, आणि २०२०च्या करारानं त्यांचं पुनर्वसन झालं तेही त्रिपुरातच. काल ज्यांना गावातून उठवलं त्यांनी आज दुसऱ्यांना उठवलं, हे मिझोरामचं कौतुक करताना सहसा गाळलं जातं.

२००७च्या सुमारास बांबूला पुन्हा फुलं आली. यावेळी मुख्यमंत्री होते झोरामथंगा, म्हणजे मागच्या माउताममधून उभ्या राहिलेल्या पक्षाचेच. दोन-तीन वर्षं आधीपासून योजना आखली गेली, केंद्रानं पैसा दिला, उंदीर मारून शेपटी आणणाऱ्याला शेपटीमागे एक रुपया आणि नंतर दोन रुपये मिळू लागले. लाखो शेपट्या जमा झाल्या. पिकं तरीही बुडाली, टंचाई झाली, मदतीच्या पैशांवरून आरोप झाले, आणि २००८च्या निवडणुकीत झोरामथंगा सपाटून हरले. जंगलात कुणी गेलं नाही.

सध्याचा पेच सीमेवरचा आहे. फेब्रुवारी २०२१मध्ये म्यानमारमध्ये लष्करानं सत्ता घेतली आणि तिथले चिन लोक तियाऊ नदी ओलांडून येऊ लागले. ३० हजारांहून अधिक. भाषेनं, धर्मानं, आडनावांनी ते मिझोंचे भाऊबंद. दिल्लीनं त्यांना रोखायला सांगितलं, ऐझॉलनं घरात घेतलं. मे २०२३नंतर मणिपूरमधून कुकी-झो कुटुंबंही आली. पुढे केंद्रानं म्यानमार सीमेवर कुंपण घालण्याचा आणि दोन्हीकडच्यांना परवान्याशिवाय ये-जा करू देणारी जुनी सवलत बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. मिझोराम विधानसभेनं २८ फेब्रुवारी २०२४ला ठराव करून त्याला विरोध केला. केंद्र म्हणतं, या वाटेनं शस्त्रं आणि अमली पदार्थ येतात, आणि ते खरं आहे. चंफाईच्या बाजूला मोठमोठे साठे पकडले जातात. मिझो म्हणतात, कुंपण आमच्या सोयऱ्यांच्या मधून जाणार, आणि तेही खरं आहे. त्या भागात सीमेच्या दोन्ही बाजूंना एकाच कुळातली घरं आहेत, लग्नं होतात, बाजारहाट होतो. केंद्राला कुंपण घालायचंच असेल तर सीमेवरच्या गावांच्या ग्रामसभांशी आणि चर्चशी आधी बोलावं लागेल, आणि यावेळी कुणापुढे पिस्तूल ठेवून सह्या घेता येणार नाहीत.